कल्हई जपावी तशी

स्वच्छतेसाठी मराठीत किती क्रियापदे आहेत, हे मी दरवर्षी आठवीच्या मुलांकडून फळ्यावर लिहवून घेतो. झाडणे, पुसणे, धुणे, विसळणे, खंगाळणे, चोळणे, भिजवणे, निथळवणे, सारवणे आणि घासणे. फळा भरला की मी विचारतो, "यांत सर्वांत मानाचे क्रियापद कोणते?" उत्तर बहुधा एकच येते: घासणे. मुलांचे काही चुकत नाही. आपल्या घरांत जे घासलेले नाही ते स्वच्छ झाले, असे कोणी मानतच नाही. दात घासायचे, मोरी घासायची, पितळेचे देव चिंचेने घासायचे, तांब्याचा हंडा रस्त्यावरून दिसेल असा लखलखीत करायचा. 'घासूनपुसून' या जोडशब्दातदेखील पहिला मान घासण्याचाच आहे.

या नियमाला जुन्या घरांत एक अपवाद होता, आणि तो म्हणजे कल्हई. वर्षा-सहा महिन्यांनी कल्हईवाला दारात येई, जमिनीत लहानसा खड्डा करून भाता लावी, तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकी आणि कथिलाचा तुकडा कापसाच्या बोळ्याने फिरवी. क्षणार्धात पिवळा तळ रुपेरी होई. तो थर कागदाहूनही पातळ. परंतु आंबट आमटी आणि पितळ यांच्यामध्ये उभा राहणारा तेवढाच एक रखवालदार. तो झिजला की ताक कळकले, आमटी कळकली आणि घरादाराची पोटे बिघडली. म्हणून आमच्या आजीचा दंडक असे की पातेल्याला बाहेरून राख चालेल, आतून मात्र नुसता हात. बाहेर कितीही घासा. आत घासाल तर कल्हईवाला लवकर बोलवावा लागेल.

या कल्हईची आठवण मला कॅनडातील विनिपेग शहरी, एका चाकांवरच्या घरकुलासमोर उभे असताना व्हावी, याचे वाचकांना नवल वाटेल. म्हणून थोडे मागून सांगतो.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त विनिपेगला स्थायिक झाले आहेत. २०१९ साली २३ एप्रिलला आमच्या बेळगाव भागातले लोकसभेचे मतदान झाले, निवडणुकीच्या कामातून मी मोकळा झालो आणि शाळेच्या उन्हाळी सुटीचे उरलेले दिवस घेऊन आम्ही उभयता तिकडे गेलो. इकडे अंगाची लाही होत असताना तिकडे नुकतेच बर्फ वितळले होते. हिवाळ्यात उणे तीस अंशांखाली उतरणारा आणि उन्हाळ्यात तिशीच्या वर चढणारा तेथील पारा, त्या दिवसांत मध्येच कोठे तरी रेंगाळत होता. हिवाळ्यात गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर वाळू पसरतात. बर्फ गेल्यावर ती मागे राहते आणि वाऱ्याबरोबर घरादारांवर बसते. मे महिन्याच्या मध्यास व्हिक्टोरिया दिनाची जोडून सुटी येते आणि त्या सुटीपासून तळ्याकाठी राहुट्या टाकण्याचा त्यांचा हंगाम सुरू होतो. त्यामुळे आधीच्या पंधरवड्यात गल्लोगल्ली एकच देखावा दिसतो: हिवाळाभर झाकून ठेवलेली चाकांवरची घरे बाहेर काढून लोक ती धूत असतात.

चिरंजीवांच्या अंगणातही असे एक घरकुल उभे होते. मोटारीमागे जोडून ओढून न्यायचे, तेरा फुटांचे, वरचा भाग पांढरा, खालचा फिकट निळा, आणि कोपरे सगळे गोल. लांबून पाहिले तर चाकांवर ठेवलेले एखादे मोठे अंडेच. त्याचे नाव 'बोलर'. त्या गोलाकारावरून, साहेबी 'बोलर' टोपीच्या नावावर ते पडले. ही गाडी विनिपेगचीच लेक आहे, हे मला तेथे कळले. रे ओलेको नावाच्या गृहस्थाने फायबरग्लासची मैलापाण्याची हलकी टाकी तयार केली होती. जे टाकीचे करता येते ते घराचे का करता येऊ नये, असा विचार करून त्याने १९६८ साली विनिपेगमध्ये हे घरकुल बनवले. वजन सुमारे साडेचारशे किलो, त्यामुळे साधी मोटारही ते ओढू शके. एक वरचा आणि एक खालचा असे दोन साचे, त्यांतून निघालेली दोन शकले आणि त्यांचा मध्यावर एकच सांधा. डब्याला झाकण बसवावे तसे. सांधे कमी म्हणून पाणी शिरायला वाटाही कमी. १९८८ च्या सुमारास त्यांचे उत्पादन थांबले. पण शेजारच्या अमेरिकेत, मिनेसोटातील बॅकस गावी, याच वंशातली 'स्कँप' नावाची घरकुले १९७१ पासून बनू लागली आणि ती आजही बनतात. २०१८ साली बोलरला पन्नास वर्षे झाली, तेव्हा तिच्या मालकांनी शेकडो गाड्या ओढीत विनिपेगला आणल्या होत्या. माहेरवाशिणींचा मेळावाच म्हणायचा.

आमच्या चिरंजीवांना ती मिळाली ती मात्र एका दुःखद निमित्ताने. शेजारी एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त रेल्वे कामगार राहत. त्यांनी ती १९७४ साली घेतली होती. पत्नी गेल्यावरही ते एकटेच तिला घेऊन तळ्याकाठी जात. २०१८ च्या शरद ऋतूत, बर्फ पडण्यापूर्वीची अखेरची धुलाई करताना, ओल्या गवतावर टेकवलेली शिडी सरकली आणि ते खाली आले. खुब्याचे हाड मोडले. शेजारीपाजारी कामावर गेलेले. कोणाच्या लक्षात येईपर्यंत ते तासभर थंड गवतावर पडून होते, आणि नळीतून पाणी वाहत होते. चार महिन्यांनी काठी टेकत घरी आले, तेव्हा मुलींनी बजावले की आता गाडी विका. त्यांनी ती चिरंजीवांना दिली. किंमत नाममात्र घेतली. अट मात्र घातली की पहिली धुलाई त्यांच्या देखरेखीखाली व्हावी.

मे महिन्यातल्या एका सकाळी ते आले. अंगणात घडीची खुर्ची टाकून बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि चिरंजीवांच्या हातातला ब्रश पाहून म्हणाले, "तो आधी खाली ठेव." मग त्यांनी मला जवळ बोलावले. मी शिक्षक आहे हे त्यांना ठाऊक होते. माझे बोट त्यांनी गाडीच्या उन्हाकडच्या बाजूवरून फिरवायला लावले. बोट पांढरे झाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या बोटाला लागत आली आहे तीच पूड: हुबेहूब खडू! त्यांच्या भाषेतही या विकाराला 'खडू होणे' असेच म्हणतात, हे ऐकून मला गंमत वाटली. पण ते गंमत करीत नव्हते. म्हणाले, "ही धूळ नव्हे. ही गाडीची कातडी आहे. उन्हाने मेलेली."

हे समजून घ्यायचे तर ही वस्तू कशी घडते ते पाहिले पाहिजे. काचेचे बारीक तंतू आणि पॉलिएस्टर राळ यांचा मिळून फायबरग्लास होतो. पण साच्यात सर्वांआधी फवारतात तो रंगीत राळेचा एक थर, ज्याला 'जेलकोट' म्हणतात. त्याच्यावर तंतूंचे जाळे आणि राळ यांचे थर चढवतात. सगळे घट्ट झाले की साच्यातून काढतात आणि जो थर आधी गेला तो सर्वांत बाहेर येतो. कल्हई अखेरीस चढते, हा थर पहिला चढतो. एवढाच काय तो फरक. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. सारी चमक, सारा रंग आणि आतल्या तंतूंचे पाण्यापासून रक्षण एवढ्यात सामावलेले. सूर्याच्या अतिनील किरणांनी या थरातली राळ हळूहळू फुटत जाते आणि रंगाचे कण सुटे होतात. हाच तो खडू. पृष्ठभाग सच्छिद्र होतो, मळ धरू लागतो आणि मळ धरला म्हणून माणूस अधिक जोराने घासतो. घासले की खडू निघतो, गाडी दोन दिवस उजळ दिसते आणि जेलकोट तेवढा पातळ होतो. अशा पाच-पंचवीस धुलायांनंतर आतले तंतू डोकावू लागतात.

आमच्या सौ. तेव्हा बाहेर येऊन उभ्या होत्या. गाडीवरचे काळे ओघळ पाहून काथ्या आणि भांड्यांची पूड कोठे मिळेल, याची चौकशी त्यांनी आदल्याच दिवशी सूनबाईंकडे केली होती. चिरंजीवांनी म्हाताऱ्यांचे बोलणे मराठीत सांगितले, तशा त्या पटकन म्हणाल्या, "कल्हईचंच की हे!" मग चिरंजीवांनी पितळेचे पातेले, कथिल, आंबट आमटी हे सारे इंग्रजीत समजावून दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सौ.कडे काठीने निर्देश करीत म्हणाले, "यांना सगळे कळले. धुवायला यांनाच उभे करा." त्या दिवसाचा वर्गनायक अशा रीतीने ठरला.

आता प्रत्यक्ष धुण्याकडे वळू. माझ्या फळ्यावरची क्रियापदे एक वगळता सारी त्या सकाळी उपयोगी पडली.

पहिली गोष्ट सावलीची. गाडीच्या अंगाला तळहात लावून पाहायचा; ऊब लागली तर पाणी घालायचे नाही. तापलेल्या पृष्ठभागावर साबण जागच्या जागी वाळतो आणि त्याचे डाग मळापेक्षा चिवट होतात. म्हणून सकाळ किंवा कलते ऊन बरे. मात्र ही सावली झाडाची नसावी. विनिपेगमध्ये एल्म वृक्षांच्या मोठमोठ्या कमानी आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यावरच्या माव्याचा चिकट स्राव खाली टपकत असतो, आणि पाखरांची कृपा वेगळीच.

दुसरी गोष्ट बंदोबस्ताची. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढून-मागून अडण्या लावायच्या आणि कोपऱ्यांचे आधार खाली टेकवायचे. खिडक्या आणि छतावरचा झरोका बंद आहेत ना ते पाहायचे. बाजूला शीतकपाटाच्या आणि शेगडीच्या जाळ्या असतात, त्यांच्यावर पाण्याची धार सोडायची नाही. मग गाडीभोवती एक फेरी मारून खिडक्यांच्या रबरी पट्ट्या, रिव्हेटांच्या टोप्या आणि मधला सांधा तपासायचा. जेथे भेग दिसेल तेथे धुण्याआधी डागडुजी.

मग खंगाळणे. साधी नळी, पावसासारखे पडणारे पाणी, वरून खाली. अंगावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. ती वाहून जाण्यापूर्वी फडके फिरवले की ते फडके राहत नाही, पॉलिशपेपर होतो. कोरड्या गाडीवर कोरडे फडके कधीच फिरवू नये.

नंतर भिजवणे. आपल्याकडे 'भिजत घोंगडे' ही कामचुकारपणाची खूण. येथे मात्र तीच युक्ती. पाखरांची घाण, चिरडलेले किडे, वाळलेला चीक यांच्यावर ओले फडके दहा मिनिटे ठेवले की ते आपोआप सुटतात. नखाने खरवडायचे नाही, चाकूचे तर नावच नको.

मग चोळणे. त्यासाठी दोन बादल्या लागतात: एकीत साबणाचे पाणी, दुसरीत नुसते. मऊ फडके साबणात बुडवायचे, हातभर जागा हलकेच चोळायची, मग दुसऱ्या बादलीत ते पिळून वाळू तेथे सोडायची आणि पुन्हा साबणाकडे यायचे. एकाच बादलीत काम केले तर आपण आपलीच वाळू पुन्हा गाडीला लावतो. साबण मोटारी किंवा होड्या धुण्याचा सौम्य असावा. भांड्यांचा साबण मेण काढून टाकतो. कपड्यांची पूड, ब्लीच, घासण्याची पूड आणि तारेचा काथ्या यांना प्रवेश नाही. अ‍ॅसिटोनसारखी द्रावणेही नकोत. काही गाड्यांच्या खिडक्या काचेच्या नसून अ‍ॅक्रिलिकच्या असतात. त्यांना अमोनिया असलेला काचेचा फवारा लागला की त्या कायमच्या धुरकटतात. वरपासून खाली येताना प्रत्येक भाग वाळण्यापूर्वी विसळून घ्यायचा. नवे कोणतेही औषध वापरायचे झाल्यास आधी मागच्या खालच्या कोपऱ्यात, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या जागी करून पाहायचे.

ते काळे ओघळ, ज्यांच्यासाठी सौ. काथ्या शोधीत होत्या, त्यांचे मूळ ओघळात नसते. छतावर साचलेली धूळ आणि जुन्या रबराचा काळेपणा पावसाबरोबर खिडक्यांच्या कडांवरून खाली येतो. छत धुतले आणि अंगाला मेण असले की ओघळ निम्म्याने कमी होतात आणि राहतात तेही साबणाने निघतात. भिंतीवर जोर काढणे म्हणजे गळत्या कौलाखाली रोज फरशी पुसण्यासारखे.

छताचा विषय निघाला तेव्हा म्हातारे गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. मग काठीने गवतातली एक जागा दाखवून म्हणाले, "येथे." तेवढ्यावर आम्हाला समजले. पुढचे त्यांनी एका दमात सांगितले, आणि वाचकांनी बाकी सारे विसरले तरी हे विसरू नये. छतावर चढायचे नाही. हे छत माणसाचा भार पेलण्यासाठी केलेले नसते. आणि ओला, साबणाचा जेलकोट शेवाळलेल्या घाटापेक्षाही निसरडा असतो. लांब दांड्याचा मऊ ब्रश घ्यावा. उंची हवीच असेल तर रुंद पायांची ठेंगणी घडवंची कठीण, कोरड्या जमिनीवर ठेवावी. गाडीला टेकून उभी राहणारी शिडी नको, गवतावर तर नकोच. आणि घरात दुसरे माणूस असल्याशिवाय हे काम काढू नये. "पंचेचाळीस वर्षांत मी गाडीवर एक ओरखडा येऊ दिला नाही," ते म्हणाले, "पण माझी स्वतःची काळजी माझ्या यादीत नव्हती." सौ.नी हे भाषांतराविनाच ओळखले असावे. त्या आत गेल्या आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आल्या.

दुपारी चिरंजीवांनी एक शंका काढली. गावात धुलाईची केंद्रे आहेत, तेथे यंत्राने जोराची धार सोडतात आणि पाच मिनिटांत काम होते. मग हा उपद्व्याप कशाला? उत्तर गाडीच्या बांधणीतच आहे. या घरकुलाच्या आतली कपाटे आणि चौकटी रिव्हेटांनी कवचाला जोडलेल्या असतात, म्हणजे कवचाला ठिकठिकाणी भोके असतात. पाऊस वरून पडतो, त्याला या जागा अडवतात. पण यंत्राची धार खालून, आडवी, हव्या त्या कोनातून शिरते. रबरी पट्टीखाली जाते, चिकटवलेले पट्टे उचलते. आत गेलेले पाणी दिसत नाही. ते उतरते आणि जमिनीत घातलेल्या प्लायवूडमध्ये मुरते. फायबरग्लास कुजत नाही, प्लायवूड कुजते. बाहेरून चकचकीत आणि जमीन मात्र पावलाखाली दबणारी, अशा कितीतरी जुन्या गाड्या भंगारात जातात. आणि भेगा दिसल्या म्हणून त्यांवर सिलिकोन थापणे हाही उपाय नव्हे. ते सुटले की त्या जागी दुसरे काही धड चिकटत नाही. जुनी पट्टी काढून, जागा स्वच्छ करून, मऊ राहणारी ब्यूटिलची चिकटपट्टी नव्याने बसवावी, हे अधिक कष्टाचे पण टिकाऊ काम.

निथळवून, मऊ कापडाने टिपून घेतल्यावर आणि आत शिरून कोपऱ्याकोपऱ्यांत ओल आली नाही ना हे हाताने चाचपून पाहिल्यावर, राहिले ते मेण. दुसऱ्या दिवशी, सारे कोरडे असताना, उन्हाकडच्या बाजूचा खडू पॉलिशने अगदी हलक्या हाताने काढला. हे पॉलिशही थर थोडा खातेच, म्हणून ते वरचेवर करायचे नाही. त्यावर मेणाचा पातळ हात. जाड थराने रक्षण वाढत नाही, काढण्याचे श्रम मात्र वाढतात. धुरकट दिसू लागले की स्वच्छ कापडाने झिलई आणायची. मेण स्वतः उन्हात झिजते आणि जेलकोटला वाचवते. म्हणून ते वर्षातून दोनदा लावायचे: हंगामाआधी एकदा, हिवाळ्यापूर्वी एकदा. हिवाळ्यात ताडपत्री घातली तर ती घट्ट बांधावी. सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडत महिनोन्‌महिने गाडी घासत राहते. येथेही ते क्रियापद चोरपावलांनी येतेच.

व्हिक्टोरिया दिनाच्या सुटीत आम्ही सारे विनिपेग सरोवराच्या काठी एक दिवस जाऊन आलो. म्हातारे गृहस्थ पुढच्या आसनावर बसले होते आणि वाटेत सारखे आरशातून मागच्या घरकुलाकडे पाहत होते. तळ्यावर अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. त्यांनी पत्नीविषयी काही सांगितले नाही. फक्त नेहमीची जागा दाखवली आणि तेथेच गाडी लावायला सांगितली.

आम्ही परतल्यावर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, १० ते १२ तारखांना विनिपेगवर अकाली ओले बर्फ कोसळले. पाने अजून झाडांवरच होती. बर्फाचा भार न सोसून शहरातली हजारो झाडे मोडली. त्यांतल्या एका फांदीने घरकुलाच्या खांद्यावर वीतभर ओरखडा काढला. तंतू उघडे पडले. चिरंजीव तत्काळ दुरुस्तीला निघाले, तेव्हा म्हाताऱ्यांनी थांबवले. जेलकोटची राळ थंडीत घट्ट होत नाही. जागा कोरडी करून पाणी शिरणार नाही अशी चिकटपट्टी लावा आणि उन्हाळ्याची वाट पाहा, एवढेच त्यांनी सांगितले. २०२० च्या जूनमध्ये, आजाराच्या साथीमुळे कुंपणापलीकडे खुर्ची टाकून, त्यांनी ते काम करवून घेतले. आधी तेथले मेण पूर्ण उतरवले, मग जेलकोट भरला, हवा लागू नये म्हणून वर पातळ प्लास्टिक पसरले. घट्ट झाल्यावर पाण्याने भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने सपाट केला आणि अखेरीस पॉलिश व मेण. हातमोजे आणि तोंडाला मुखवटा घातल्याशिवाय ही पूड उडवायची नाही, हेही त्यांनी बजावले. एवढे करूनही तो तुकडा भोवतालच्या अंगापेक्षा पांढरा दिसे. चिरंजीवांना ते खटकले. म्हातारे म्हणाले की जुन्या भागाला घासून नव्यासारखे करू नकोस. ऊन दोघांना सारखे करील.

हा पदार्थ काही परदेशातच आहे असे नाही. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या आता फायबरग्लासच्या आहेत; बागांतल्या घसरगुंड्या आणि इमारतींवरची छपरे यांतही तो सर्रास दिसतो. आपले ऊन आणि आपला पाऊस दोन्ही विनिपेगपेक्षा प्रखर. तेव्हा सावली, मऊ हात, सौम्य साबण आणि जमिनीवरचे पाय ही चार पथ्ये येथेही तितकीच लागू आहेत.

ते गृहस्थ २०२२ च्या हिवाळ्यात वारले. जाण्यापूर्वी त्यांनी चिरंजीवांना एक जाड वही दिली. १९७४ पासूनची प्रत्येक धुलाई, प्रत्येक मेण, बदललेली प्रत्येक पट्टी तारखेनिशी लिहिलेली. आमच्या शाळेतही इतका नेटका हजेरीपट मी क्वचितच पाहिला आहे. २०१८ च्या शरदातल्या नोंदीत तारीख आणि 'छत' एवढाच शब्द आहे, पुढे कोरे. त्यानंतरच्या नोंदी चिरंजीव ठेवतात. वर्षातून दोनदा ते त्या पानाचे छायाचित्र आम्हाला पाठवतात. अक्षर अजूनही माझ्या मनासारखे नाही, पण नोंदी मराठीत असतात. मे २०२५ ची नोंद अशी आहे: 'सकाळी सावलीत धुतली. मेण लावले. डाव्या खिडकीची पट्टी बदलली. खांद्यावरचा तुकडा आता शोधावा लागतो. छतावर कोणी चढले नाही.'